न सांगितलेला घास

चौतीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकविले. शब्दरूपावली, समासचक्र आणि रघुवंशाचे दोन सर्ग एवढ्यावर माझी हयात गेली. स्वयंपाकघराशी माझा संबंध पाटावर जाऊन बसण्यापुरता, आणि फार तर सणावारी नारळ खवून देण्यापुरता. अशा मनुष्याने उतारवयात सुशी नावाच्या जपानी पदार्थावर लेख लिहावयास बसावे हे वाचकांस चमत्कारिक वाटेल; ज्या घरात चातुर्मासात कांद्यालाही मज्जाव असतो त्या घरातील मनुष्याने तर विशेषच. परंतु या पदार्थाच्या निमित्ताने आमच्या घरात एक गोष्ट घडली. तशी ती थोड्याफार फरकाने इतरही पुष्कळ घरांत घडत असेल असा माझा तर्क आहे. म्हणून ती घडली तशी लिहून ठेवीत आहे.

गेल्या वैशाखात आम्ही उभयता टोकियोस गेलो. चिरंजीव तेथे नोकरीनिमित्त नऊ वर्षे आहेत. त्यांचे बिऱ्हाड एदोगावा विभागातील निशिकासाई या वस्तीत. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय मंडळी या भागात राहू लागली आणि हळूहळू ती संख्या इतकी वाढली, की २०१९ साली या विभागाच्या सभेवर मूळचे महाराष्ट्रातले एक गृहस्थ निवडून आले. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी उद्वाहनात एक बाई आपल्या मुलाला "चप्पल नीट घाल" म्हणून दटावताना ऐकल्या, तेव्हा सौ.च्या जिवात जीव आला.

आमची नात तेथे चौथ्या इयत्तेत शिकते. दुसऱ्याच दिवशी तिने आजीचा पदर धरला. "आजी, उद्या फिरत्या सुशीला जायचं!"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. तिच्या लेखी सुशी म्हणजे कच्चा मासा, आणि तो फिरता असला काय किंवा एका जागी बसलेला असला काय, सारखाच. तेव्हा चिरंजीवांनी आम्हांस समजावून सांगितले ते असे. सुशी या शब्दाचा मूळ अर्थ आंबट. नुसत्या कच्च्या माशाला तेथे साशिमी म्हणतात. सुशी हे नाव आहे ते शिरका घातलेल्या भाताचे. पूर्वी मासा टिकविण्याकरिता तो मिठात घालून शिजलेल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणाने मासा नासत नसे. पुष्कळ ठिकाणी असा मासा खाऊन भात टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी असली जुनी सुशी अद्याप करतात. पुढे आंबण्याची वाट न पाहता भातातच शिरका घालण्याची युक्ती निघाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने दाबलेल्या भाताच्या मुटकुळ्यावर माशाचा काप ठेवून ती उभ्याउभ्या खाण्याची रीत रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः हानाया योहेइ नावाच्या माणसाला देतात. सारांश, जो भात टाकून द्यावयाचा तोच पुढे पदार्थाचा धनी झाला. काकडीची सुशी असते, भोपळ्याची असते. मासा नसला तरी सुशीपण जात नाही.

"म्हणजे आंबट भात," सौ. म्हणाली, "तर मग पाहू."

दुकान म्हणजे आपल्याकडील मध्यम प्रतीचे खाद्यगृहच. कुटुंबे मुलाबाळांसह येतात, अर्ध्या तासात जेवून जातात. टेबलांच्या कडेने एक पट्टा फिरत असतो व त्यावर लहान लहान ताटल्या, प्रत्येकीत बहुधा दोन सुशी, अशा पुढून जातात. ही कल्पना ओसाकाकडील शिराइशि योशिआकि नावाच्या गृहस्थांची. त्यांचे सुशीचे लहानसे दुकान होते व वाढणारी माणसे पुरत नव्हती. एका बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या सरकताना त्यांनी पाहिल्या आणि १९५८ साली आजच्या हिगाशिओसाका शहरात पहिले फिरत्या सुशीचे दुकान काढले. १९७० साली ओसाकास जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा ही युक्ती देशभर माहीत झाली. जी सुशी श्रीमंतांच्या मेजवानीत जाऊन बसली होती ती अशा रीतीने सामान्य संसारी माणसाच्या आवाक्यात आली. आता मात्र बऱ्याच दुकानांत ताटल्या मोकळ्या फिरत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत एका मुलाने दुकानातील शोयुची बाटली चाटल्याचे चित्रण सर्वत्र पसरले, तेव्हापासून लोक बिचकले. कोठे ताटलीवर पारदर्शक झाकण असते, तर कोठे समोरच्या पडद्यावर बोट लावून मागविलेली ताटली पट्ट्यावरून थेट आपल्यापाशी येऊन थांबते.

आम्ही गेलो त्या दुकानात झाकणाच्या ताटल्या होत्या. त्यांतून नाना रंगांचे मासे आमच्या नाकासमोरून संथपणे जात होते. सौ.ने प्रथम मान खाली घातली, पुढे एकदा पाहिले, पुन्हा पाहिले, आणि अखेर म्हणाली, "जातोय बिचारा आपल्या वाटेनं. आपण आपलं खावं." प्रत्येक टेबलाशी गरम पाण्याचा नळ असतो, हिरव्या चहाची पूड पेल्यात घालावी, नळ दाबावा, की चहा झाला. रिकाम्या ताटल्या टेबलाच्या कडेच्या फटीत टाकावयाच्या. पाच झाल्या की पडद्यावर एक खेळ लागतो आणि नशीब असेल तर मुलास खेळणे मिळते. या लोभाने नातीने मला अकरा ताटल्या खाऊ घातल्या.

खाण्याहून मला अधिक आनंद झाला तो एका शब्दाचा. सुशीच्या भाताला त्या धंद्यातील लोक 'शारी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'शरीर' शब्दावरून गेलेला आहे. बुद्धाच्या अस्थींस शरीर म्हणत. बौद्ध धर्माबरोबर तो शब्द चीनमार्गे जपानात गेला आणि पांढऱ्या शुभ्र शितांचे त्या अस्थिकणांशी साम्य दिसते म्हणून भातास लागला, असे सांगतात. घरधन्याला तेथे 'दान्ना' म्हणतात, तोही आपल्या 'दान' शब्दाचा वंशज. हे मी उत्साहाने सांगू लागलो तेव्हा सौ. म्हणाली, "म्हणजे देणारा तो दान्ना. मग आजचे पैसे तुम्हीच द्या." चिरंजीवांनी अर्थातच देऊ दिले नाहीत.

आम्हांस सर्वांत आवडली ती इनारी सुशी. सोयाबीनच्या पनीराचे पातळ तुकडे तळून फुगवितात, ते गोडसर खाऱ्या रसात शिजवितात, आणि त्या पिशवीत आंबट भात भरतात. इनारी ही धान्याची देवता. कोल्हे तिचे सेवक आणि हे तळलेले तुकडे कोल्ह्यांस प्रिय, अशी समजूत आहे. दातांस त्रास नाही, जिभेला गोडवा, आणि मासा दृष्टीस नाही. पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही चार वेळा त्या दुकानात गेलो आणि चारही वेळा इनारी पोटभर खाल्ली.

पाचव्या खेपेपूर्वी ती गोष्ट घडली.

एका सायंकाळी नातीस घेऊन मी किराणा मालाच्या दुकानात गेलो होतो. तेथे इनारीच्या तयार पिशव्यांचे पाकीट दिसले. सौ.ला आवडतात, घेऊन जावे, म्हणून मी ते उचलले व नातीस सहज म्हटले, "वाच पाहू यात काय काय घातले आहे. तुझी जपानी वाचनाची परीक्षा."

ती वाचू लागली. सोयाबीन, साखर, शोयु... आणि थांबली.

"काय झाले? अक्षर अडले का?"

"नाही आबा. यात कात्सुओ आहे."

कात्सुओ हा एक मासा. तो उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि त्याच्या किसाचा अर्क काढतात. जपानी स्वयंपाकात आपल्याकडे फोडणी असावी तसा हा अर्क सर्वत्र असतो, हे मला नंतर कळले. त्या वेळी मी एवढेच विचारले, "आपण दुकानात खातो त्यातही असतो का?"

तिने मान हलविली. मग खाली पाहून म्हणाली, "आई म्हणाली होती, आजीआबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." आणि जणू एक दार उघडल्यावर दुसरे आपोआप उघडावे तशी पुढे म्हणाली, "मी पण खाते, आबा. शाळेत. साबा, साके, सगळं खाते. तेही सांगायचं नव्हतं."

जपानात प्राथमिक शाळेतील मुले दुपारी वर्गातच जेवतात. शालेय भोजनाचा कायदा तेथे १९५४ साली झाला. मुलेच पांढरे डगले आणि टोप्या घालून एकमेकांस वाढतात, सर्वांस तेच अन्न, आणि पोषणाइतकाच तो शिक्षणाचाही भाग समजतात. सूनबाई पहिली दोन वर्षे घरचा डबा देत असे. वर्गात तीस मुले एका ताटाची आणि ही एकटी डब्याची. तिसऱ्या इयत्तेत तिने डबा न उघडता परत आणावयास सुरुवात केली, तेव्हा आईबापांनी तिला सर्वांबरोबर जेवण्यास मोकळीक दिली. आम्हांस मात्र दूरध्वनीवर, "आज डब्यात काय होतं ग?" या प्रश्नाला "पोळीभाजी" असे उत्तर येत राहिले. दर रविवारी सौ. विचारी आणि दर रविवारी ती मुलगी पोळीभाजी म्हणे.

मी पाकीट फळीवर ठेवले. परतताना आम्ही दोघेही बोललो नाही. फाटकापाशी आल्यावर तिने माझे बोट धरले आणि विचारले, "तुम्ही रागावलात?"

"तुझ्यावर नाही," मी म्हणालो. आणि हे खरे होते. परंतु रागावलो होतो खास.

त्या रात्री मला झोप आली नाही. प्रथम वाटले, साठी उलटल्यावर हे काय होऊन बसले! मग विचार आला की अजाणता गेले ते गेले. न कळत घडलेल्यास आपल्या शास्त्रकारांनीही हलके प्रायश्चित्त सांगितले आहे. तरीही मन शांत होईना. माशाच्या अर्काहून दुसरेच काही सलत होते. माझ्या पानात काय आहे ते घरातील तिघांस ठाऊक होते आणि मला नव्हते. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ते ओझे होते, आणि ते तिने आमच्या प्रेमापोटी वाहिले होते!

मग छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा आठवली. ती मी वर्गात कितीदा सांगितली असेल! गारपिटीने कुरुदेशातील पिके बुडाली, दुष्काळ पडला. उषस्ति भुकेने व्याकुळ होऊन भटकत असता हत्ती बाळगणारा एक मनुष्य कुल्माष खाताना दिसला. त्याने त्याच्याजवळ ते उष्टे धान्य मागितले आणि खाल्ले. त्या माणसाने पुढे पाणी देऊ केले, तेव्हा मात्र उष्टे पाणी नको म्हणाला. धान्य न खाता तर जगलो नसतो, पाणी मला कोठेही मिळेल, असा त्याचा हिशेब. या कथेवर मी मुलांना आपद्धर्म शिकवीत असे. त्या रात्री मला तिच्यातील दुसरी बाजू प्रथम दिसली. उषस्तीने काय खाल्ले, कोणाचे खाल्ले आणि कोठे थांबला, हे सारे त्याने देणाऱ्याच्या तोंडावर सांगितले. उरलेले धान्य घरी नेऊन बायकोलाही दिले. त्याने लपविले काहीच नाही.

आणि मग, वाचकहो, एक जुनी गोष्ट वर आली, जी मी आजवर कोणासही सांगितलेली नाही. विसाव्या वर्षी मी अध्यापक विद्यालयात शिकत असता एका मित्राच्या आग्रहाने रेल्वे स्थानकावरील उपाहारगृहात अंड्याचे आम्लेट खाल्ले. घरी शिरण्यापूर्वी चार वेलदोडे चघळले. रात्री पानावर बसलो असता वडील म्हणाले, "वेलदोड्याचा वास कसला रे?" मी म्हणालो, "मित्राकडे बारसे होते." ते हसले व म्हणाले, "पेढे आणायचे होतेस." त्यानंतर वडील अठरा वर्षे होते. त्या अठरा वर्षांत हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. अंडे केव्हाच पचले. ते बारसे मात्र पचले नाही. मी सांगितले असते तर ते रागावले असते, कदाचित दोन दिवस बोललेही नसते. परंतु त्या अठरा वर्षांत त्यांच्या शेजारी बसून जेवणारा मुलगा त्यांना पुरता ठाऊक झाला असता.

आता माझ्याच घरात, माझ्याच भयाने, माझी नात पोळीभाजी म्हणत होती. म्हणजे तो वेलदोडा मीच तिच्या तोंडात ठेवला होता.

सकाळी सौ.ची पूजा आटोपण्याची वाट पाहिली आणि तिला सर्व सांगितले. वडिलांची गोष्टही सांगितली. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाल्यावर प्रथमच. ती बराच वेळ समईकडे पाहत राहिली. मग उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. मला काळजी वाटत होती.

नात शाळेच्या तयारीत होती. तिला जवळ घेऊन सौ. म्हणाली, "शाळेत मासा खातेस ना, मग काट्यांचं काय करतेस?"

पोरीने आधी आईकडे पाहिले. "काड्यांनी काढते, आजी. बाजूला ठेवते."

"सगळे निघतात का? घशात नाही ना अडकत?"

"एकदा अडकला होता. सेन्सेईंनी पाणी दिलं."

"तर मग सावकाश खात जा. आणि मी फोनवर विचारीन तेव्हा खरं सांग. मला काय वाटायचं ते मी पाहीन."

सूनबाई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिच्या खांद्यांवरून कळले की ती रडत आहे. "आई, तुम्ही इतक्या लांबून आलात, तुमचं मन मोडू नये असं वाटलं," ती म्हणाली. "रोज ठरवीत होते सांगायचं."

सौ. म्हणाली, "भिऊन केलेला स्वयंपाक अंगी लागत नाही, बाळ. मला कळलं असतं तर मी दोन घास कमी खाल्ले असते, एवढंच ना?" मग थोडे थांबून, "पण आता ते दुकान माझ्यापुरतं बंद. तो पदार्थ मला आवडला आहे, तेव्हा तो घरी करायचा. आपल्या हातानं केला म्हणजे त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं."

त्या एकादशीस तिने निर्जळी उपवास केला. कशाकरिता ते बोलली नाही, मीही विचारले नाही.

घरी सुशी करण्याचा बेत शनिवारी ठरला. जपानातील बौद्ध मठांत पूर्वीपासून मासे-मांसाविना स्वयंपाक होतो. तेथे कात्सुओच्या जागी कोंबू नावाची समुद्रवनस्पती आणि वाळविलेली शिइताके अळंबी वापरतात, असे सूनबाईने शोधून काढले. आदल्या रात्री दोन्ही थंड पाण्यात भिजत घातली. सकाळी सोनेरी, किंचित खारट पाणी निघाले. सौ.ने ते चाखून म्हटले, "आमसुलाच्या सारात घातलं तर?" तो प्रयोग अद्याप व्हावयाचा आहे.

तांदूळ तेथील आखूड दाण्याचा, चिकट. तीनशे ग्रॅम तांदूळ पाणी निवळ होईपर्यंत धुतला, अर्धा तास भिजविला आणि कोंबूचा तुकडा ठेवून शिजविला. चार मोठे चमचे तांदळाचा शिरका, दोन मोठे चमचे साखर व एक लहान चमचा मीठ एकत्र करून गरम भातावर शिंपडावयाचे, आणि भातवाढीने कापल्यासारखे करीत मिसळावयाचे. घोटावयाचे नाही, नाहीतर शिते मोडून खळ होते. हे चालू असता कोणीतरी पंख्याने वारा घालावा लागतो, म्हणजे वरचा ओलावा उडून भातास चकाकी येते. हे काम मजकडे आले. संस्कृतच्या अध्यापकास जन्मभरात घरात मिळालेले हे पहिले जबाबदारीचे काम.

इनारीसाठी साधे तळलेले तुकडे आणले. त्यांवर कढत पाणी ओतून तेल काढले, मधोमध कापून पिशव्या उघडल्या, आणि कोंबूच्या पाण्यात शोयु व साखर घालून वीस मिनिटे मंद आचेवर शिजविल्या. तांदळाची गोड दारू तेथे अशा रसात घालतात. ती आम्ही वगळली व साखर थोडी वाढविली.

मग गुंडाळीची पाळी आली. बांबूच्या काड्यांच्या लहान चटईवर नोरीचा, म्हणजे वाळल्या समुद्रशेवाळाचा, कागदासारखा काळा ताव ठेवावयाचा. ओल्या हाताने भात पसरावयाचा, पलीकडे दोन बोटे कोर मोकळी सोडावयाची, मध्ये काकडीची लांब फोड ठेवून चटईसकट गुंडाळावयाचे. चिरंजीवांची गुंडाळी एका अंगास फुगली. माझी मध्येच फुटून काकडी बाहेर डोकावू लागली. नात म्हणाली, "आबा, तुमची सुशी जांभई देते आहे."

सौ. इतका वेळ नुसती पाहत होती. तिने हात ओले केले, चटई पुढे ओढली, आणि एका दमात अशी घट्ट, सारखी, गोल गुंडाळी केली की आम्ही सर्व अवाक् झालो. "त्यात काय आहे?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं अळूची वडी वळते आहे, सुरळीची वडी वळते आहे. पानाऐवजी हे काळं पान." ओल्या सुरीने तिने सहा तुकडे केले, एकाचाही भात सुटला नाही. सूनबाईने तिच्याकडून ते शिकून घेतले. सासूकडून सुशी शिकणारी ती त्या इमारतीतील बहुधा एकटीच असेल.

पाने वाढली तेव्हा सौ.ने नातीस विचारले, "तुला तुझा तो लाल मासा हवा का? बाबाला आणायला सांगितला आहे." खरोखरच शीतपेटीत एक लहान डबी होती. ती मेजाच्या पलीकडल्या टोकास ठेविली, काड्या वेगळ्या, ताटली वेगळी. नातीने दोन तुकडे भातावर ठेवून सावकाश खाल्ले. माझे लक्ष सौ.कडे होते. तिने आपली खुर्ची वीतभर मागे सरकविली, परंतु पानावरून उठली नाही. तिला ते आवडले असे मी म्हणणार नाही. मलाही तो वास सुखाचा नव्हता. परंतु त्या दिवशी त्या मेजावर कोणाच्या तोंडात काय आहे ते सर्वांस ठाऊक होते, आणि पोर मोठ्याने हसत जेवत होती. तितकी ती मागल्या तीन आठवड्यांत हसलेली मला आठवत नव्हती.

आषाढ लागण्यापूर्वी आम्ही पुण्यास परतलो. येथे आमचे तीन भावांचे एकत्र कुटुंब. येताना नोरीचे वीस ताव, एक चटई आणि शिरक्याची बाटली आणली होती. मावळातील इंद्रायणी तांदूळ चिकट असल्याने या कामास उत्तम येतो, असा सौ.चा अनुभव आहे. पाणी मात्र किंचित कमी घालावे. काकडी, गाजर आणि धाकट्या वहिनींच्या सूचनेवरून थोडी तिळाची चटणी, असे भरून तिने सर्वांस वाढले. दादांनी ताव हाती धरून शंका काढली, "समुद्रातले शेवाळ आपल्याला चालते का?" घरातील आजारी माणसास आपण चायना ग्रासची खीर देतो तेही समुद्रशेवाळच, हे मी सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले. दोन तुकडे खाऊन त्यांनी तिसरा घेतला.

मग त्यांनी विचारले, "आणि पोरगी तिथे काय खाते?"

क्षणभर वेलदोड्याचा वास आला. सर्व मंडळी पानावर होती. मी म्हणालो, "दादा, शाळेत ती मासा खाते. आम्हांस ठाऊक आहे. तिने स्वतः सांगितले."

कोणी काही बोलले नाही. दादांनी तिसरा तुकडा पुरा केला, आपोशन घेतले आणि उठले. चार दिवस ते माझ्याशी कामापुरते बोलत. पाचव्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांनी विचारले, "रविवारी पोरीचा फोन येतो तो किती वाजता? मलाही बोलायचे आहे."

त्या रविवारी ते अर्धा तास बोलले. काय बोलले ते मी ऐकले नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, "काटे नीट काढते म्हणाली." आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले.

माझे व्रत मी मोडलेले नाही. आमच्या पानात मासा येणार नाही, आणि पुढल्या पिढीने काय करावे हे ठरविण्याचा अधिकार आता माझा राहिलेला नाही. परंतु आपल्या घरांतून मुले दूर देशी जात आहेत, आणि दर रविवारी फोनवर "जेवलास का?" असे आपण विचारीत आहोत. तेव्हा माझ्या वयाच्या वाचकांस एवढीच विनंती, की तो प्रश्न अशा आवाजात विचारावा, की पलीकडच्या मुलास वेलदोडा शोधावा लागू नये.